मोबाइल व संगणकासाठी सामाईक अ‍ॅपची उभारणी : ई-पीक पाहणीच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : प्लॅटफॉर्म, सामाईक आज्ञावली, ई-पीक पाहणी, युनिकोड, देवनागरी, ग्रामीण महाविद्यालय

प्रास्ताविक

नांदेड जिल्ह्यातील हदगाव हा पैनगंगेच्या खोऱ्यातील तालुका होय. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि हळद ही येथील शेतकऱ्यांची नेहमीची पिके. कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे याची नोंद गाव नमुना बारामध्ये होते. मालकी हक्क दाखवणारा गाव नमुना सात आणि पिकांचा हा नमुना बारा मिळून आपल्या परिचयाचा सातबारा तयार होतो. पीक कर्ज, पीक विमा, अतिवृष्टीचे अनुदान, हमीभावाने होणारी खरेदी अशा अनेक ठिकाणी पीक पेऱ्याची नोंद विचारली जाते. त्यामुळे ही नोंद ज्या संगणकीय साधनाने होते, त्याच्या रचनेतील दोष केवळ तांत्रिक राहत नाही. पेरणीच्या वेळी झालेली चूक हंगाम संपल्यावर खरेदी केंद्राच्या दारात शेतकऱ्याला भेटते.

पूर्वी ही नोंद तलाठी गावात फिरून करीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' हा उपक्रम सुरू झाला. महसूल व कृषी विभागांच्या या उपक्रमास टाटा ट्रस्टचे सहकार्य लाभले होते. शेतकऱ्याने स्वत:च्या मोबाइलवरून पिकाची माहिती, क्षेत्र आणि शेतातील छायाचित्र पाठवावे, अशी ही योजना आहे. दुसऱ्या टोकाला तलाठी, म्हणजे २०२४ मधील नामबदलानंतरचे ग्राम महसूल अधिकारी, संगणकावर अधिकार अभिलेखाचे काम पाहतात. नोंद एकच, परंतु तिला दोन दारे आहेत. एक दार शेताच्या बांधावर पाच-सहा इंचांच्या पडद्यावर उघडते, तर दुसरे कार्यालयातील टेबलावर.

या दोन दारांसाठी दोन वेगळी अ‍ॅप्स लिहावीत, की दोहोंचा पाया एकच असावा? संगणकशास्त्रातील हा जुना आणि अजूनही पूर्णपणे न सुटलेला प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या प्राध्यापकांनाही समजेल अशा रीतीने केले आहे. शासकीय प्रकल्पाच्या अंतर्गत आज्ञावलीचे परीक्षण करणे हा येथील हेतू नाही. त्या कामाचे स्वरूप तेवढे उदाहरणादाखल घेतले आहे.

प्लॅटफॉर्म म्हणजे काय?

कोणतेही अ‍ॅप अधांतरी चालत नाही. त्याच्याखाली प्रक्रियक असतो, त्यावर अँड्रॉइड, विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली असते आणि तिच्यासोबत पडद्यावर अक्षर काढणे, छायाचित्र घेणे, धारिका साठवणे अशा तयार सेवा येतात. या सर्वांना मिळून प्लॅटफॉर्म म्हणतात. अडचण अशी की प्रत्येक प्लॅटफॉर्मची सेवा मागण्याची भाषा निराळी असते. अँड्रॉइडवर कॅमेरा ज्या आज्ञेने उघडतो ती आज्ञा विंडोजला कळत नाही. परिणामी एकच काम करणारे अ‍ॅप दोनदा लिहावे लागते, दोनदा तपासावे लागते आणि दुरुस्तीही दोनदा करावी लागते. यातील तिसरी गोष्ट सर्वांत महाग पडते, कारण एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते.

यावरचा उपाय म्हणून कार्यप्रणाली आणि अ‍ॅप यांच्यामध्ये एक सामाईक थर घालण्याची कल्पना पुढे आली. अ‍ॅप या थराशी बोलते आणि हा थर ज्या त्या कार्यप्रणालीशी तिच्या भाषेत बोलतो. दुभाष्या बरोबर असला की एकच भाषण दोन सभांत चालते, तसाच हा प्रकार. दुभाष्याचे गुणदोषही त्यात ओघाने येतातच.

थोडा इतिहास

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा भाषा बाजारात आणली तेव्हा 'एकदा लिहा, कुठेही चालवा' हे तिचे घोषवाक्य होते. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत जावाने जे स्थान मिळवले, त्यामागे या आश्वासनाचाही वाटा होता. १९९९ मध्ये लहान उपकरणांसाठी जावाची निराळी आवृत्ती आली आणि बटणांच्या मोबाइलवर जावाचे खेळ व लहान अ‍ॅप्स चालू लागली. मात्र प्रत्येक कंपनीच्या फोनचा पडदा, बटणांची मांडणी आणि स्मृतीची मर्यादा वेगळी असल्याने अ‍ॅप लिहिणाऱ्यांना फोनगणिक दुरुस्त्या कराव्या लागल्या. 'एकदा लिहा, सगळीकडे तपासा' असे त्यावर गमतीने म्हटले जाई. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

२००७ मध्ये आयफोन आणि २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला आणि चित्र पालटले. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० सोबत एक महत्त्वाकांक्षी योजना मांडली. संगणक, फोन आणि एक्सबॉक्स या खेळयंत्रावर तेच अ‍ॅप चालेल आणि पडद्याच्या आकारानुसार आपली मांडणी बदलेल, अशी ती योजना होती. तांत्रिकदृष्ट्या ती सदोष होती असे म्हणता येत नाही. परंतु विंडोजचे फोन लोकांनी घेतले नाहीत आणि जानेवारी २०२० मध्ये त्या फोनप्रणालीच्या सुधारणा थांबल्या. उलट दिशेने, म्हणजे अँड्रॉइडची अ‍ॅप्स विंडोज ११ वर चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये आणली, तीही मार्च २०२५ मध्ये बंद केली. सामाईक पायाचे भवितव्य त्याच्या तांत्रिक गुणवत्तेपेक्षा तो पाया राखणाऱ्या कंपनीच्या हिशेबावर अधिक ठरते, ही बाब या दोन्ही घटनांतून दिसते. ज्या कार्यालयाला किंवा संस्थेला आपली नोंदव्यवस्था वीस-पंचवीस वर्षे चालवायची आहे, तिने ही बाब विसरून चालणार नाही.

काय सामाईक असावे आणि काय नसावे

अ‍ॅपचे स्थूलमानाने तीन थर असतात. सर्वांत खाली माहिती, मध्ये त्या माहितीविषयीचे नियम आणि वर पडदा. सामाईक अ‍ॅपची चर्चा बहुधा पडद्यापासून सुरू होते. वस्तुत: खरी निकड मधल्या थराची आहे. हे क्षेत्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

शेतकरी बोलताना एकर आणि गुंठे वापरतो, तर सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटरमध्ये असते. अडीच एकर म्हणजे १ हेक्टर १ आर आणि सुमारे १७ चौरस मीटर. मोबाइलचे अ‍ॅप लिहिणाऱ्याने सोयीसाठी एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर असे धरले आणि संगणकाचे अ‍ॅप लिहिणाऱ्याने ०.४०४७ असे धरले, तर त्याच अडीच एकरांचे एकीकडे १.०० हेक्टर आणि दुसरीकडे १.०१ हेक्टर होतील. एका आराचा फरक किरकोळ वाटेल. परंतु पिकाखालील क्षेत्र लागवडीयोग्य क्षेत्राहून अधिक असू नये, असा नियम लावताच हा फरक निर्णायक ठरतो. मोबाइलने स्वीकारलेली नोंद संगणक नाकारतो, किंवा त्याच्या उलट घडते. दोन्ही आज्ञावली आपापल्या जागी 'बरोबर' असतात आणि शेतकरी मात्र मधल्या मध्ये अडकतो. मिश्र पीक, पोटखराबा, एकाच गटातील सामाईक खातेदार, हंगामी व बहुवार्षिक पिकांतील भेद या प्रत्येक ठिकाणी असे नियम आहेत. ते एकाच ठिकाणी, एकदाच लिहिलेले असावेत आणि दोन्ही अ‍ॅप्सनी तेच वापरावेत, हा आग्रह त्यामुळेच धरावा लागतो.

पडद्याचे मात्र तसे नाही. शेतकरी एका वेळी एका गटाची एक नोंद करतो. उन्हात, एका हातात मोबाइल धरून, क्वचित शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या मदतीने करतो. त्याला मोठी बटणे, थोडे प्रश्न आणि एका पडद्यावर एकच काम हवे. कार्यालयातील कर्मचाऱ्याला संपूर्ण गावाची यादी, गाळणी, शोध आणि कळफलकावरून भराभर पुढे सरकण्याची सोय हवी. मोबाइलचा पडदा नुसता ताणून संगणकावर आणला तर शंभर नोंदी तपासायला शंभरदा मागे-पुढे जावे लागेल. संगणकाचा तक्ता आक्रसून मोबाइलवर आणला तर तो वाचताच येणार नाही. सारांश इतकाच की बटणे, रंग आणि शब्द समान असावेत, पण मांडणी समान असण्याचा हट्ट धरू नये. या क्षेत्रातील बहुतेक जाहिराती नेमक्या त्याच हट्टाला खतपाणी घालतात.

उपकरणांच्या क्षमतेतील फरकही येथे लक्षात घ्यावा लागतो. २०२२ मध्ये आलेल्या ई-पीक पाहणीच्या दुसऱ्या आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूपासून शेतकरी किती दूर उभा आहे, हे तपासण्याची सोय करण्यात आली. मोबाइलमध्ये उपग्रहाधारित स्थान कळते. टेबलावरच्या संगणकात तसे यंत्र सहसा नसते. तो इंटरनेट जोडणीवरून स्थानाचा अंदाज बांधतो आणि हा अंदाज कित्येक किलोमीटरने चुकू शकतो. म्हणजे स्थानाचा नियम सामाईक थरात असला तरी 'हे उपकरण विश्वासार्ह स्थान देऊ शकते काय?' हा प्रश्न आधी विचारण्याची व्यवस्था त्यात असावी लागते.

नेटवर्क नसताना

शिवारात सर्वत्र नेटवर्क असतेच असे नाही. त्यामुळे नोंद आधी मोबाइलमध्येच साठवायची आणि नेटवर्क आल्यावर पाठवायची, ही रीत अपरिहार्य ठरते. महाविद्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीशी याची तुलना करता येईल. पत्र टपालात टाकले म्हणजे ते पोहोचले असे नव्हे. पोच आल्यावरच जावक पूर्ण झाली असे समजायचे. मोबाइलने नोंद पाठवली, मध्यवर्ती संगणकाने ती घेतली, परंतु पोच परत येण्याआधीच नेटवर्क गेले, असे झाले तर मोबाइल तीच नोंद पुन्हा पाठवील. मध्यवर्ती संगणकाला ती नवी वाटली तर एकाच गटात सोयाबीन दोनदा चढेल. यावर सर्वमान्य उपाय असा की प्रत्येक नोंदीला ती मोबाइलवर जन्मतानाच एक अनन्य क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर मध्यवर्ती संगणकाने नवी नोंद न करता जुनीच पोच पुन्हा द्यावी.

याहून कठीण प्रसंग सामाईक खात्याचा. दोन भावांच्या नावे एक गट आहे. दोघांनीही आपापल्या मोबाइलवरून, एकमेकांना न सांगता, नेटवर्कबाहेर असताना नोंद केली. प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे नियमात बसते, दोहोंची बेरीज मात्र गटाच्या क्षेत्राहून अधिक होते. हा तंटा मोबाइलला सोडवता येणार नाही, कारण त्याला दुसऱ्या मोबाइलवरची नोंद ठाऊक नाही. ज्याची नोंद आधी पोहोचली त्याचीच धरावी, असा नियम आज्ञावलीला सोपा आहे. न्याय्य मात्र नाही, कारण त्यात ज्याच्या शेताजवळ मनोरा आहे तो जिंकतो. मोबाइलच्या घड्याळावर विसंबणेही धोक्याचे, कारण ते कोणालाही मागे-पुढे करता येते. अशा नोंदी बाजूला काढून माणसापुढे ठेवणे हाच योग्य मार्ग होय. अशा वेळी संगणकाच्या पडद्याचे काम मोबाइलच्या पडद्याहून किती निराळे असते, हे पुन्हा ध्यानात येते.

देवनागरीचा प्रश्न

इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत ज्याचा उल्लेख क्वचितच येतो, असा एक प्रश्न मराठी अ‍ॅपपुढे असतो. तो लिपीचा. कार्यालयांतून व छापखान्यांतून वर्षानुवर्षे जे मराठी टंकलेखन झाले ते बहुतांशी विशिष्ट फाँटवर अवलंबून होते. त्यात अक्षर दिसे देवनागरी, पण संगणकाच्या पोटात साठत असे रोमन अक्षरांची किंवा चिन्हांची क्रमवारी. तो फाँट नसलेल्या यंत्रावर तीच धारिका उघडली की मजकुराची खिचडी दिसते. मोबाइलवर असा मजकूर शोधताही येत नाही. युनिकोडमुळे प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक मिळाला आणि हा अडथळा दूर झाला. दोन यंत्रांनी एकच माहिती वाटून घेण्याची ती पूर्वअट होती.

परंतु युनिकोड वापरले म्हणजे सर्व काही सुटले असे नव्हे. युनिकोडमध्ये वर्ण साठतात, जोडाक्षराचे रूप साठत नाही. ते रूप पडद्यावर घडवण्याचे काम निराळ्या आज्ञावलीचे असते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे काम धड होत नसे. वेलांटी चुकीच्या जागी पडे आणि जोडाक्षरे सुटी दिसत. आज स्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही सामाईक थर स्वत:च पडद्यावर अक्षरे काढत असेल, तर त्याची मराठीची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी लागते. मूळ कार्यप्रणालीला मराठी येते म्हणून मधल्या दुभाष्यालाही ती येते, असे गृहीत धरता येत नाही.

खरा पेच शोधाचा आहे. 'कऱ्हाळे' हे आडनाव घ्या. यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्तायुक्त ऱ, हलंत आणि ह या क्रमाने. दुसरा, साधा र, हलंत, मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडवर्ण आणि ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते भिन्न शब्द आहेत. मोबाइलच्या कळफलकाने एक रूप टंकले आणि कार्यालयातील कळफलकाने दुसरे, तर पडद्यावर समोर असलेला खातेदार शोधात सापडणार नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी एकाच वर्णाची काही रूपे जुळतात, पण हे दोन क्रम जुळत नाहीत. त्यासाठी मराठीपुरता वेगळा नियम लिहावा लागतो. तो कोठे लिहायचा? अर्थात मधल्या सामाईक थरात. मराठी अंक आणि इंग्रजी अंक यांचीही हीच गोष्ट. गट क्रमांक '१०८' आणि इंग्रजी अंकांतील तोच क्रमांक एकच होय, हे दोन्ही अ‍ॅप्सना एकाच ठिकाणाहून कळले पाहिजे. मराठी भाषेच्या प्राध्यापकांना संगणक विभागाच्या कामात भाग घेण्यासाठी याहून सरळ वाट सापडणे कठीण आहे.

उपलब्ध मार्ग

आज प्रचलित असलेल्या मार्गांचा येथे धावता परिचय पुरेसा आहे. गूगलच्या फ्लटरमध्ये डार्ट भाषेत लिहिलेले अ‍ॅप मोबाइल, वेब आणि संगणक या तिन्ही ठिकाणी नेता येते. संगणकासाठीचा त्याचा आधार २०२२ मध्ये स्थिर झाला. पडदा तो स्वत: रेखाटत असल्याने सर्वत्र दिसणे सारखे राहते. फेसबुकने २०१५ मध्ये आणलेले रिअ‍ॅक्ट नेटिव्ह त्या त्या कार्यप्रणालीची मूळ बटणे वापरते. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेतील मार्ग २०२२ पासून मावी या नावाने आहे. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म २०२३ च्या अखेरीस स्थिर घोषित झाले. मधला थर सामाईक आणि पडदे हवे तर वेगळे, ही वर मांडलेली विभागणी त्याला विशेष मानवते. इलेक्ट्रॉन वेबतंत्राने संगणकाची अ‍ॅप्स घडवते, पण प्रत्येक अ‍ॅपसोबत जवळजवळ अख्खा ब्राउझर येतो. कमी स्मृतीच्या संगणकावर अशी दोन-तीन अ‍ॅप्स उघडली की यंत्र मंदावते.

प्रगत वेब अ‍ॅप हा मार्ग यांहून साधा होय. हे मुळात संकेतस्थळच, परंतु मोबाइलच्या मुख्य पडद्यावर त्याचे चिन्ह बसवता येते आणि एकदा उघडल्यानंतर ते नेटवर्क नसतानाही चालू शकते. तेच अ‍ॅप संगणकाच्या ब्राउझरमध्ये आपसूक चालते. त्याची मर्यादाही गंभीर आहे. न पाठवलेल्या नोंदी ब्राउझरच्या साठवणीत राहतात. जागा कमी पडल्यास ब्राउझर ती साठवण रिकामी करू शकतो, आणि मोबाइल 'साफ' करण्याच्या उत्साहात वापरणाराही ती पुसू शकतो. पीक पाहणीसारख्या कामात न पाठवलेल्या नोंदींची संख्या ठळकपणे दाखवणे आणि कायम साठवणीची परवानगी आधीच मागणे, हे त्यामुळे ऐच्छिक राहत नाही.

ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टीने

हदगावसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात संगणक विभागाची प्रयोगशाळा टेबलावरच्या संगणकांची, तर विद्यार्थ्यांच्या खिशात अँड्रॉइडचा मोबाइल, अशी विभागणी सर्रास आढळते. घरी संगणक असणारे विद्यार्थी थोडे. अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिके प्रयोगशाळेच्या यंत्रावर होतात आणि विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली त्याच्या स्वत:च्या उपकरणावर कधीच चालत नाही. सामाईक प्लॅटफॉर्मचा विचार येथे पदवीच्या पातळीवरच व्हावा असे वाटते.

साधनांची निवड करताना यंत्राची ऐपत आधी पाहावी. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी स्मृती लागते आणि आभासी फोन चालवायचा तर त्याहून अधिक. जुन्या संगणकांवर तासिकेचा अर्धा वेळ ते उघडण्यातच जातो. प्रगत वेब अ‍ॅपला साधा मजकूर-संपादक आणि ब्राउझर पुरतो, म्हणून पहिली पायरी तेथे घालणे श्रेयस्कर ठरेल. प्रकल्पासाठी विषय दूर शोधण्याचीही गरज नाही. एकर-गुंठ्याचे हेक्टर-आरमध्ये रूपांतर, त्यावरील क्षेत्राची तपासणी आणि मराठी नावांचा शोध एवढे तीन नियम पडद्यापासून अलग लिहावेत. मग एका गटाने मोबाइलचा आणि दुसऱ्या गटाने संगणकाचा पडदा करावा. नियमांच्या थरात दोन्ही गटांपैकी कोणीही परस्पर बदल करू नये, एवढी एकच अट असावी. अडीच एकरांचे उत्तर दोन्ही पडद्यांवर १.०१.१७ असेच येते का आणि 'कऱ्हाळे' दोन्ही कळफलकांवरून सापडतात का, हे तपासले की मूल्यमापनही होते. तपासणीसाठी नवा फोन नको. घरातील सर्वांत जुना चालू मोबाइल आणावा, कारण शिवारात तोच असतो.

तयार झालेले अ‍ॅप प्ले स्टोअरवर ठेवायचे ठरले तर खाते उघडण्याचे शुल्क एकदाच २५ डॉलर आहे. अ‍ॅपलकडे ते दरवर्षी ९९ डॉलर आणि शिवाय मॅक संगणकाची गरज. प्ले स्टोअरच्या नियमांनुसार अ‍ॅप ठरावीक काळाने अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यावे लागते, अन्यथा नव्या फोनधारकांना ते दिसेनासे होते. विद्यार्थी तिसऱ्या वर्षानंतर महाविद्यालय सोडतो आणि अ‍ॅप पोरके होते, हा अनुभव नवा नाही. म्हणून असे खाते विद्यार्थ्याच्या किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक नावे न उघडता महाविद्यालयाच्या नावे उघडावे. मूळ आज्ञावली विभागाच्या संगणकावर आणि बाहेर एका ठिकाणी अशी दोनदा जतन करावी. खात्याचा ईमेल पत्ता प्राचार्यांच्या कार्यालयाकडे असावा आणि पुढील वर्षाच्या गटाला नवे काम देण्याआधी मागील वर्षाचे अ‍ॅप चालू करून दाखवण्यास सांगावे.